पाहुणे यायच्या आधी

2012 च्या पावसाळ्यातल्या एका दुपारी मी डायलिसिसच्या पिशवीतून काचेसारखा स्वच्छ, थरथरणारा एक गोळा बाहेर काढला, तो छोट्या बाटलीत घातला, बाटली उलटी केली आणि मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजले. गोळा जागचा हलला नाही. हायड्रोजेल झाले की नाही हे ठरवण्याची आमची पहिली चाचणी एवढीच असते आणि ती मराठी घरांत रोज सकाळी होतच असते: दही लागले का हे पाहायला भांडे किंचित कलते करायचे. माझे दही लागले होते. मी धावत जाऊन माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडमना बोलावून आणले. त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "छान घट्ट आहे. यात ॲडमंटेनचं पॉलिमर कधी घातलंस?"

ते मी घातलेच नव्हते. ते काम पुढच्या आठवड्यातले होते.

"म्हणजे पाहुणे यायच्या आधीच पंगत उठली की गं," मॅडम म्हणाल्या आणि बाटली माझ्या हातात परत देऊन तासावर निघून गेल्या.

माझ्या चुकीचे पूर्ण निदान त्या एका वाक्यात होते, पण ते उमगायला मला तीन आठवडे लागले. हायड्रोजेल म्हणजे पाण्याने भरलेले जाळे. बऱ्याचदा वजनाने नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असूनही ते वाहत नाही, कारण त्या पाण्यात पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना जागोजाग बांधलेल्या असतात. (आजीला मी 'जेल'वर संशोधन करते असे कळले तेव्हा तिने काळजीने विचारले होते, की तिथे मुलींना एकट्या पाठवतात का.) सगळा प्रश्न गाठींचा आहे. गाठी पक्क्या, म्हणजे सहसंयुज बंधांच्या मारता येतात. 1961 मध्ये चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्टर्ले यांनी मुलाच्या 'मेर्कूर' या खेळण्याचे सुटे भाग जोडून घरातच एक यंत्र उभे केले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या; त्या लेन्सचे जाळे अशा पक्क्या गाठींचे असते. असे जेल कापले की कापलेलेच राहते. गाठी सैलही असू शकतात, उदाहरणार्थ चायना ग्रासच्या, ज्या तापवल्या की सुटतात आणि निवल्या की पुन्हा बसतात. मला करायचे होते ते तिसऱ्या तऱ्हेचे जेल, ज्यात गाठ मारण्याचे काम दोन ठरावीक रेणूंची ओळख करते. एक रेणू पोकळ असतो आणि दुसरा नेमका त्या पोकळीत बसतो. रसायनशास्त्रात पहिल्याला होस्ट आणि दुसऱ्याला गेस्ट म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकी शब्द यजमान आणि अतिथी असे होतील, पण आमच्या प्रयोगशाळेत अतिथी कोणी म्हणत नसे, पाहुणाच म्हणत.

माझा यजमान पिठातून येतो. स्टार्चवर विशिष्ट जिवाणूंचे विकर सोडले, की ते ग्लुकोजच्या लांब साखळीचे तुकडे करतेच, शिवाय काही तुकड्यांची दोन टोके जुळवून त्यांचे कडेही करून टाकते. 1891 मध्ये फ्रान्समध्ये आंत्वान व्हिलिए यांना एक किलो स्टार्चमधून जेमतेम तीन ग्रॅम स्फटिक मिळाले होते, ते हेच. पुढे ऑस्ट्रियाचे फ्रान्झ शार्डिंगर यांनी अनेक वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. आज या कड्यांना सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. सहा ग्लुकोजचे कडे म्हणजे अल्फा, सातांचे बीटा, आठांचे गॅमा. आकार बिनबुडाच्या वाटीसारखा, एका तोंडाला जरा रुंद आणि दुसऱ्या तोंडाला अरुंद. उंची एका नॅनोमीटरलाही कमी. बाहेरचा काठ पाण्याशी सलगी करणारा, आतली पोकळी मात्र पाण्याला परकी. साड्यांना खळ आणि पतंगांना चिक्की लावणाऱ्या घरात वाढलेल्या मला पिठातून असला नाजूक दागिना निघतो यावर विश्वास ठेवायला वेळ लागला होता.

या तीन भावंडांत बीटाचा स्वभाव वेगळा आहे. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात अल्फा साधारण 145 ग्रॅम विरघळते, गॅमा 232 ग्रॅम आणि बीटा फक्त 18.5 ग्रॅम. कारण असे की सात ग्लुकोजच्या कड्यात रुंद काठावरचे हायड्रॉक्सिल गट आपापसांतच हायड्रोजन बंधांची पक्की साखळी करून बसतात आणि बाहेरच्या पाण्याला फारशी दाद देत नाहीत. नेमके हेच हेकट कडे माझ्या वाट्याला आले होते, कारण मला हवा असलेला पाहुणा त्याच्याच मापाचा होता.

तो पाहुणा म्हणजे ॲडमंटेन. दहा कार्बनचा, हिऱ्याच्या जाळीतून एक पिंजरा सुटा काढावा तसा गोल रेणू. 1933 मध्ये तो चेकोस्लोव्हाकियात खनिज तेलात सापडला आणि हिऱ्याच्या ग्रीक नावावरून त्याला नाव मिळाले. त्याचा वास कापरासारखा आहे आणि कापरासारखाच तो उघडा ठेवला तर उडून जातो. पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा मला आरतीची आठवण झाली होती. बीटाच्या पोकळीत तो असा फिट बसतो, की त्यांचा बंधन स्थिरांक, म्हणजे पकड किती घट्ट हे सांगणारा आकडा, दहा हजार ते एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे विरळ द्रावणातसुद्धा बहुतेक पाहुणे आपापल्या घरात शिरलेले असतात.

ते आत का शिरतात, याचे उत्तर मला पाहुणचाराच्या भाषेपेक्षा अधिक आवडते. यजमान पाहुण्याला फारसे ओढत नाही. पाहुणा येण्याआधी पोकळी रिकामी नसते. तिच्यात पाण्याचे मोजके रेणू अडकलेले असतात. बाहेर पाण्याचा प्रत्येक रेणू चहूबाजूंच्या शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध धरून असतो, पोकळीतल्या रेणूला मात्र पुरेसे शेजारीच मिळत नाहीत आणि भिंतीही परक्या असतात. ॲडमंटेनभोवतीच्या पाण्याचीही तशीच कुचंबणा होत असते. ॲडमंटेन आत गेला, की दोन्हीकडचे पाणी मोकळे होऊन आपल्या गोतात परत जाते. यजमान-पाहुणा हे नाव दोघांचेच असले, तरी या व्यवहारात तिसऱ्याचा वाटा फार मोठा आहे आणि त्या तिसऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

हे डोळ्यांना दिसावे म्हणून एक सोपा खेळ आहे. शाळेच्या टायट्रेशनमधले फिनॉल्फ्थॅलिन घ्यावे, थोडा सोडा घालून ते गुलाबी करावे आणि त्यात बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन ढवळावे. रंग उडून जातो. द्रावण अजून अल्कधर्मीच असते, पण फिनॉल्फ्थॅलिन पोकळीत गेल्यावर त्याचा आकार असा बदलतो की तो रंगच दाखवू शकत नाही. आता त्यात ॲडमंटेनचे पाण्यात विरघळणारे एखादे संयुग घातले, तर गुलाबी रंग परत येतो: जास्त हक्काचा पाहुणा आला आणि आधीच्याला घर सोडावे लागले. हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तेव्हा एक मजेदार खेळ म्हणून केला होता. पुढे माझ्या सगळ्या कामाचा निकाल याच अदलाबदलीवर लागणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

त्या फसलेल्या दुपारच्या आधी मी एक जेल खरोखर केले होते आणि ते इतके सोपे होते की त्याने माझी सवय बिघडवली. ओसाकाचे आकिरा हाराडा आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 मध्ये दाखवले होते, की पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे लांब, सडपातळ रेणू पाण्यात ठेवून अल्फा सायक्लोडेक्स्ट्रिन घातले, की कडी आपण होऊन त्या दोऱ्यावर ओवली जातात. दर दोन घटकांमागे एक कडे. पुढे त्यांनीच या रचनेला रेण्वीय माळ म्हटले आणि 1994 मध्ये दोरा पुरेसा लांब असेल तर या मिश्रणाचे जेल होते हेही दाखवले. तापवायला नको, उत्प्रेरक नको. मी पाच टक्के ग्लायकॉल आणि दहा टक्के अल्फा असे मिश्रण केले, चहा घेऊन आले, तोवर बाटलीतले पाणी दुधाळ होऊन बसलेले होते.

त्यामागचे गणित मात्र सुंदर आहे. ग्लायकॉलच्या एका घटकाचे वजन 44, अल्फाच्या एका कड्याचे सुमारे 973. एक ग्रॅम ग्लायकॉल टोकापासून टोकापर्यंत ओवायचे असेल तर अकरा ग्रॅम अल्फा लागेल. माझ्या बाटलीत ग्लायकॉलच्या फक्त दुप्पट अल्फा होते, म्हणजे दोऱ्याचा पाचवा हिस्सासुद्धा भरणार नव्हता. (शिवाय अल्फाच्या डब्यातल्या पांढऱ्या भुकटीत वजनाने दहावा हिस्सा स्फटिकजल असते, ते वजा न करता मोजणारे नवखे दर वर्षी एक तरी भेटते.) आणि हे अर्धवट भरणेच कामाचे आहे. ओवलेले भाग एकमेकांशेजारी रचून त्यांचे छोटे स्फटिक बनतात आणि ते गाठींचे काम करतात. मधले उघडे भाग पाणी धरून ठेवतात. दोरा आखूड घेतला तर तो सगळा भरून जातो, पाणी धरायला काही उरत नाही आणि फाटलेल्या दुधासारखा साका तळाशी बसतो. तेही मी करून पाहिले आहे, अर्थात न ठरवता.

बीटा आणि ॲडमंटेनचे जेल असे चहाच्या वेळेत होत नाही. त्यासाठी दोन वेगवेगळी पॉलिमर लागतात, एकाच्या साखळीवर तुरळक अंतरावर कडी टांगलेली आणि दुसऱ्याच्या साखळीवर ॲडमंटेन. कडी टांगायची तर कड्याला एक आणि एकच हात फुटला पाहिजे. बीटाच्या अरुंद काठावर सात सारखे हायड्रॉक्सिल आहेत. त्यातल्या फक्त एकावर टोसिल नावाचा सहज निघणारा गट बसवायचा, मग त्याच्या जागी अमाइन हा नायट्रोजनचा गट आणायचा आणि ते अमाइन पॉलिॲक्रिलिक ॲसिडच्या साखळीला जोडायचे. सातांपैकी एकच निवडा, हे अभिक्रियेला सांगता येत नाही. काही कड्यांना हात फुटतच नाही, काहींना एक फुटतो, काहींना दोन. एकहाती कडी वेगळी काढण्यासाठी गरम पाण्यातून पुनःपुन्हा स्फटिकीकरण करायचे आणि मग तो पांढरा चिखल गाळत बसायचे. गाळणकागदावरून त्या लगद्याचे पाणी उतरायला लागणारा वेळ ज्याने भोगला आहे त्यालाच कळेल. माझ्या हाती दर खेपेला मूळ मालाच्या चौथ्या हिश्श्याएवढे काहीतरी उरत असे, आणि तिसऱ्या खेपेला मी कंटाळून एक स्फटिकीकरण गाळले. मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर मुख्य ठिपक्याच्या वर आणखी एक फिकट ठिपका होता. मी तो पाहिला होता. फिकट आहे, असे म्हणून सोडून दिला होता.

तो फिकट ठिपका दोनहाती कड्यांचा होता. दोन हातांचे कडे दोन वेगवेगळ्या साखळ्यांना धरते आणि तिथे एक पक्की, सहसंयुज गाठ बसते. अशा थोड्या गाठी पुरे होतात. पिशवीत तयार झालेला तो देखणा गोळा पाहुण्यांशिवाय उभा राहिला होता, कारण त्याला पाहुण्यांची गरजच नव्हती.

या ठिकाणी मला नेहमी चार्ल्स पेडरसन आठवतात. ड्युपॉन्ट कंपनीत काम करताना त्यांच्या कच्च्या मालात सुमारे दहा टक्के अशुद्धी राहिली होती, हे त्यांना माहीत होते आणि तरी ते पुढे गेले. हाती नकोसे असे 0.4 टक्के पांढरे तंतुमय स्फटिक आले. ते स्फटिक म्हणजे पहिला क्राउन इथर, धातूच्या आयनाला पोकळीत घेऊन बसणारे कडे. 1967 मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि 1987 चे नोबेल पेडरसन यांना क्रॅम आणि लेन यांच्यासोबत मिळाले. यजमान-पाहुण्याचे आजचे शास्त्र बऱ्याच अंशी त्या अशुद्धीतून उभे राहिले आहे. फरक इतकाच की पेडरसन यांनी त्या 0.4 टक्क्यांना सोडून दिले नाही आणि मी माझ्या ठिपक्याला सोडून दिले.

तीन आठवड्यांनी मी मॅडमपुढे नवी बाटली ठेवली. या वेळी एका बाटलीत कड्यांचे द्रावण वाहत होते, दुसऱ्या बाटलीत ॲडमंटेनचे, आणि दोन्ही एकत्र करताच काही सेकंदांत काचकांडी ढवळेनाशी झाली. मला वाटले आता शाबासकी मिळेल. मॅडम म्हणाल्या, "आता मोडून दाखव."

हे मोडणे म्हणजे त्या फिनॉल्फ्थॅलिनच्या खेळाचीच मोठी आवृत्ती. जेलमध्ये ॲडमंटेन कार्बोक्सिलेटचे सुटे रेणू भरपूर घालायचे. ते कोणत्याही साखळीला बांधलेले नसतात. ते आले, की कड्यांतल्या जागा तेच अडवतात आणि साखळीवरच्या पाहुण्यांना जागा उरत नाही. गाठी खरोखर यजमान-पाहुण्याच्या असतील तर जेल विरघळून वाहू लागले पाहिजे. नुसते घट्ट होणे हा पुरावा नाही, कारण घट्ट तर माझी पहिली बाटलीही झाली होती, आणि तिच्यात नंतर हेच सुटे रेणू घातले तेव्हा ती नुसती थोडी फुगली होती. तेव्हापासून या विषयावरचा कोणताही शोधनिबंध हातात आला, की मी आधी उलट्या बाटलीचे छायाचित्र पाहत नाही; त्यांनी ते जेल मोडून दाखवले आहे का, हे शोधते. ते नसेल तर माझा विश्वास बसत नाही. हा कदाचित माझा पूर्वग्रह असेल, पण तो मी कमावलेला आहे.

माझे जेल पंधरा मिनिटांत पाणी झाले. मॅडम हसल्या. शाबासकी ती तीच.

गाठ सुटू शकते हेच या जेलचे बळ आहे, हे पुढे ऱ्हिओमीटरवर, म्हणजे पदार्थ किती घट्ट आणि किती वाहता हे मोजणाऱ्या यंत्रावर, काम करताना कळले. एक ॲडमंटेन एका कड्यात कायम बसून राहत नाही. साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर तो बाहेर पडतो आणि जवळच्या, बहुधा दुसऱ्याच कड्यात शिरतो. कोणत्याही क्षणी बहुतेक गाठी बसलेल्या असतात म्हणून जेल उभे राहते; पण कोणतीही गाठ कायमची नसते म्हणून जोर लावला की ते वाहते. ऱ्हिओमीटरमध्ये मोठा ताण दिला, की घनपणा दाखवणारी जी-प्राइमची रेषा धाडकन खाली येते, वाहतेपणा दाखवणारी जी-डबल-प्राइम तिच्या वर जाते, म्हणजे घन असलेला पदार्थ द्रव होतो. ताण काढला की काही क्षणांत दोन्ही रेषा आपापल्या जागी परत. हा आलेख मी गरज नसतानाही अनेकदा काढला.

फिलाडेल्फियात जेसन बर्डिक यांच्या गटाने याचाच उपयोग केला. आपल्या सांध्यांत असणाऱ्या हायलुरोनिक ॲसिडवर त्यांनी बीटाची कडी आणि ॲडमंटेन बसवले आणि 2013 मध्ये सिरिंजमधून ढकलता येणारे जेल मांडले. सुईच्या अरुंद नळीत गाठी सुटतात, बाहेर पडताच पुन्हा बसतात. हृदयविकाराच्या झटक्याने दुबळ्या झालेल्या हृदयाच्या भिंतीत ते टोचून भिंत पातळ होऊ नये, असे त्यांचे प्रयोग मेंढ्यांपर्यंत गेले. अडचणही त्याच सैलपणातून येते: शरीरातल्या पाण्याने जेल विरळ होत गेले, की सुटलेल्या पाहुण्याला जवळ दुसरे कडे सापडत नाही आणि जेल झिजत जाते. म्हणून काही ठिकाणी आधी सैल गाठींवर टोचून घेऊन मग आत गेल्यावर काही पक्क्या गाठी मुद्दाम मारतात. माझी चूक त्यांच्याकडे पद्धत होते.

ओसाकाच्या गटाने 2011 मध्ये केलेले एक प्रात्यक्षिक मला या सगळ्यात सर्वांत प्रिय आहे. त्यांनी वेगवेगळ्या रंगांचे जेलचे चौकोनी तुकडे पाण्यात टाकून हलवले. अल्फा असलेले तुकडे सरळ ब्युटिल साखळी असलेल्यांना चिकटले आणि बीटा असलेले तुकडे फांदीदार, जाडजूड टर्शरी ब्युटिलवाल्यांना. चुकीच्या जोड्या जमल्या नाहीत. नॅनोमीटरभर पोकळीची निवड बोटाने उचलता येणाऱ्या तुकड्यांत दिसली. त्याच वर्षी त्यांनी ॲडमंटेनऐवजी फेरोसीन हे लोहाचे संयुग वापरून कापल्यावर जुळणारे जेल केले. फेरोसीनचे ऑक्सिडीकरण केले की त्याच्यावर धन प्रभार येतो, तो पोकळीत राहत नाही आणि कापलेले काठ जुळत नाहीत. क्षपण केले की पुन्हा जुळतात. अशा पदार्थांना 'स्वतःची जखम भरणारे' म्हणण्याची पद्धत आहे. मला ते नाव जरा जड वाटते. दोन कापलेले काठ कोणीतरी हाताने एकमेकांना लावून धरावे लागतात, आणि फार वेळ कोरडे राहिले तर ते जुळतही नाहीत. जुळणाऱ्या जेलचा शोध आपल्याकडेही झाला होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि सहकाऱ्यांनी धातूच्या आयनांच्या मदतीने काठ जुळवण्याचे काम 2006 मध्ये प्रसिद्ध केले होते. तिथे पाहुणा नव्हता, पण गाठ तशीच सोडता येण्याजोगी होती.

आणि भोपळा. ककरबिट्युरिल नावाचा दुसरा एक यजमान आहे, त्याचा आकार वरून-खालून दाबलेल्या भोपळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला भोपळ्याच्या कुळाचेच नाव मिळाले. म्हातारीला पोटात घेऊन लेकीच्या गावाहून निघालेला गोष्टीतला भोपळा मला त्याच्या चित्रात दर वेळी दिसतो. हा पदार्थ 1905 पासून माहीत होता, पण त्याची रचना कळायला 1981 उजाडले. आठ घटकांच्या भोपळ्यात एकाच वेळी दोन पाहुणे मावतात, त्यामुळे दोन साखळ्यांची गाठ मारायला तो एकटा पुरतो. केंब्रिजमध्ये ओरेन शर्मन यांच्या गटाने यात निघायला फार वेळ लावणारे पाहुणे निवडले. चपला घालून दारात उभे राहून आणखी तासभर बोलत राहणारे पाहुणे सगळ्यांच्या घरी येतात, तसलेच हे. अशा पाहुण्यांमुळे 80 टक्के पाणी असलेले जेल दाबल्यावर काचेसारखे कडक वागले. त्यावरून मोटार नेली तरी ते पूर्वपदावर आले. बंध तितकेच सैल, फक्त सुटण्याची घाई कमी केली, आणि पदार्थाचा स्वभाव बदलला.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या कपाटातल्या बाटल्यांची वाटणी झाली. माझ्या वाट्याला मी स्वतः चिठ्ठी लावलेली एक बाटली आली, 2012 च्या जुलैची. तिच्यातले पाणी केव्हाच उडून गेले होते आणि तळाशी नखाएवढा पारदर्शक, कडक चकता उरला होता. मी त्यावर पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फुगून बाटलीभर झाला होता. उलटा केला तरी पडत नव्हता. नंतरच्या, खऱ्या जेलचा नमुना मात्र माझ्याकडे नाही. तो आम्ही त्याच दिवशी मोडून पाहिला होता.